काब द रामच्या सड्यावर, चवथीच्या तोंडावर

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आठ दिवस उरले असताना आम्ही दोघे मडगावहून असोळणे, बेतूलमार्गे दक्षिण गोव्यातल्या काब द राम किल्ल्याकडे गेलो. येथे येणारे बहुतेक जण किल्ल्याच्या तटावरून समुद्र न्याहाळून परततात. आम्हाला मात्र बाहेरचा जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळी पठार, पाहायचा होता, जो मे महिन्यात तव्यासारखा तापतो आणि श्रावणात निळसर जांभळा होऊन जातो.

हा रंग ‘सीतेची आसवे’ नावाच्या इवल्या वनस्पतीच्या फुलांचा. वनवासात राम-सीता येथे राहिली अशी आख्यायिका असल्यामुळे ते नाव इथे विशेष शोभते. ही वनस्पती मात्र चांगलीच शिकारी आहे. कातळावरच्या बोटभर मातीत नत्र अत्यल्प, म्हणून ती जमिनीखालच्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. शेजारीच दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती उगवली होती. भिंगातून पाहिले, तर तिच्या तांबूस केसांवरील चिकट थेंबात एक चिलट अडकले होते आणि पाय सोडवण्याच्या धडपडीत त्याचा पंख दुसऱ्या थेंबाला चिकटत होता. त्यात अर्धा तास गेला. उठलो तेव्हा माझ्याच गुडघ्यांखाली गेंद या सड्यावरच्या छोट्या रोपाची पंधरा-वीस पांढरी बोंडे चिखलात रुतलेली दिसली, आणि मी वरमलो. यांतल्या बऱ्याच वनस्पती एका पावसाळ्यातच रुजतात, फुलतात आणि बी टाकून संपतात. बी धरण्याआधी चिरडलेल्या झाडाचे पुढच्या वर्षासाठी काहीच उरत नाही.

म्हणून पाय उघड्या कातळावरच ठेवावा आणि बसायचेही तिथेच, मात्र शेवाळामुळे तो निसरडा असतो, तेव्हा खाचदार तळव्याचे बूट हवेत. छत्री समुद्राच्या वाऱ्यात टिकत नाही; रेनकोट घ्यावा. सैल दगड उचलू नयेत, कारण त्यांखाली फुरसे हा विषारी साप असू शकतो. गाडी रस्त्यावरच ठेवावी, कारण चाकाने पडलेल्या चरातून पाणी वाहू लागले की ती बोटभर मातीही जाते. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीसाठी, कळलावीच्या वेलाची फुले हवी असल्यास ती तेवढीच तोडावीत. कळलावीचा कंद विषारी असतो आणि तो उपटला की वेलच संपतो.

परतीच्या बसची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावी. आम्ही ती विचारली नव्हती, त्यामुळे पावसात पाऊण तास ताटकळलो.