आमची वाटचाल: दोन देशांमध्ये राहणाऱ्या माणसांचे हिशेब

2000 सालच्या 1 जूनला परकीय चलनाचा जुना कायदा ‘फेरा’ जाऊन नवा ‘फेमा’ लागू झाला आणि त्याच वर्षी पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या दोन खोल्यांत मी माझी आंतरराष्ट्रीय कराचं काम करणारी सीए फर्म सुरू केली. जुन्या कायद्यात परकीय चलनाचा नियम मोडणं हा फौजदारी गुन्हा होता. नव्या कायद्यात ती दंड भरून मिटवता येणारी दिवाणी बाब झाली. बाहेरून आलेल्या पैशांबद्दल माणसं मोकळेपणाने बोलू लागली, सल्ला विचारू लागली. आमच्यासारख्या छोट्या फर्मला जागा झाली ती या मोकळेपणामुळेच, असं मला आजही वाटतं.

आंतरराष्ट्रीय कर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बहुराष्ट्रीय कंपन्या येतात. आमच्याकडे येतात ते वेगळे लोक: रत्नागिरीहून शिपवर गेलेल्या मुलाची आई, हिंजवडीत नोकरी करणारी आणि अमेरिकन कंपनीचे शेअर मिळालेली मुलगी, गोव्यात सासष्टीतलं घर विकायला काढलेलं जोडपं, चाकणमधला लहान कारखाना. भारताने इतर देशांशी केलेले दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार यांनाही लागू असतात, पण ते त्यांना कुणी वाचून दाखवत नाही. आम्ही ते वाचून दाखवतो. आमच्या सगळ्या कामाचं मूळ तेवढंच आहे.

हे वाचन मी आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीत शिकले, मुंबईला फोर्टमध्ये. ऑफिसात कलम 195 च्या फायली कुणाला नको असायच्या. परदेशी माणसाला किंवा कंपनीला पैसे देताना किती कर कापायचा, हे ते कलम सांगतं. तेव्हा बाहेर पैसे पाठवायचे तर आधी प्राप्तिकर अधिकाऱ्याचं ना-हरकत पत्र लागायचं. 1997 च्या एका परिपत्रकाने त्याच्या जागी हमीपत्र आणि सीएचा दाखला आणला. पुढे 2009 मध्ये त्याचेच 15सीए आणि 15सीबी हे फॉर्म झाले. म्हणजे अधिकाऱ्याने ठरवायची गोष्ट आता सीएच्या सहीवर आली. आमचे सर म्हणायचे, सही करण्याआधी करार पहिल्या पानापासून वाचायचा, फक्त दराचं कलम काढून बघायचं नाही.

मी वाचत गेले आणि कराराच्या चौथ्या कलमापाशी थांबले. एखादा माणूस दोन्ही देशांचा रहिवासी ठरत असेल तर तो नेमका कुठला, हे ते कलम ठरवतं. आधी विचारतं, कायमचं घर कुठे आहे. दोन्हीकडे असेल तर, जिव्हाळ्याचे आणि आर्थिक संबंध कुठे जास्त जवळचे आहेत. तेही सांगता येत नसेल तर नेहमीचं राहणं कुठे, आणि त्यानंतर नागरिकत्व. करासारख्या विषयात कायदा माणसाला पासपोर्टच्या आधी घर आणि माणसं विचारतो, हे वाचून मला हा विषय फार आवडला. तो अजून तसाच आवडतो.

त्या काळी या कामात बायका कमी होत्या. परदेशी कंपनीच्या बैठकीत चहा कुणी मागवायचा, हे माझ्याकडे बघून ठरायचं. तेव्हा मला मद्रासच्या आर. शिवभोगम यांचा आधार वाटायचा. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगून त्या 1933 मध्ये देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट झाल्या. आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक आर्टिकलला त्यांच्याबद्दल मी पहिल्या आठवड्यात सांगते.

फर्म उभी राहिली ती 2001 मध्ये आलेल्या ट्रान्सफर प्रायसिंगमुळे. एकाच गटातल्या दोन कंपन्या आपापसांत जो व्यवहार करतात, त्याचा भाव त्रयस्थाला लावला असता तसाच हवा, हा त्यातला नियम. चाकण-भोसरीत जर्मन कंपन्यांच्या पुष्कळ लहान उपकंपन्या आहेत. तिकडची मूळ कंपनी दरवर्षी ‘व्यवस्थापन शुल्क’ म्हणून एक बिल पाठवते. कर अधिकारी विचारतात, सेवा खरंच मिळाली का, आणि मिळाली तर तिचा उपयोग काय झाला? मोठ्या फर्म यावर जाडजूड अहवाल देतात. आम्ही कारखान्यात जाऊन बसलो. तिकडचा इंजिनियर कधी आला, कोणत्या मशीनपाशी उभा राहिला, त्यानंतर नापास होणारा माल किती घटला, याच्या नोंदी शॉप फ्लोअरवरच्या वह्यांमधून काढल्या. अशा व्यवहारांबद्दल सीएने द्यायच्या अहवालावर, म्हणजे फॉर्म 3सीईबीवर सही करताना माझ्यामागे त्या वह्या असतात. माझ्या मते ट्रान्सफर प्रायसिंगची खरी फाइल कारखान्यातच तयार होते.

परदेशात झालेल्या शेअरविक्रीवर भारताला कर लावता येत नाही, असा व्होडाफोनचा निकाल 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला आणि लगेच कायदा पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होईल असा बदलला. तो बदल 2021 मध्ये मागे घेतला गेला. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. आमच्या क्लायंटांना त्याची झळ बसली नाही.

शिपवरच्या मुलांचं काम मात्र आमच्या फर्मचा जीव आहे. कोकणातली किती तरी घरं त्यांच्या पगारावर उभी आहेत. त्या पगारावर भारतात कर लागणार की नाही, हे प्रामुख्याने दिवसांवर ठरतं: आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरले तर तो निवासी. पण दिवस मोजायचे कसे? पासपोर्टवरचा शिक्का एक तारीख सांगतो, कंपनीचं पत्र दुसरी, आणि जहाज भारतीय बंदरात आठवडाभर उभं असेल तर ते दिवस कुणाचे? यावरून वर्षानुवर्षं वाद चालले. 2015 मध्ये नियम 126 आला. त्याने सांगितलं की परदेशी जाणाऱ्या जहाजावरच्या भारतीय खलाशासाठी सीडीसी या त्याच्या नोंदपुस्तिकेतल्या चढल्याच्या तारखेपासून उतरल्याच्या तारखेपर्यंतचा काळ भारतातल्या मुक्कामात धरायचा नाही. भारतातल्याच दोन बंदरांमध्ये फिरणाऱ्या जहाजाला मात्र हे लागू नाही.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला. पगार थेट इथल्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या खात्यात जमा होतो, तर तो भारतात मिळाला असं धरून कर लावायचा का? अशा नोटिसा आल्या. एक माऊली नोटीस पिशवीत घालून रत्नागिरीहून रात्रीच्या एसटीने आली होती. म्हणाली, “ताई, पोरगा समुद्रात आहे, फोन लागत नाही, आणि यात लिहिलंय पंधरा दिवसांत उत्तर द्या.” आम्ही मुदत मागून घेतली, सीडीसीच्या प्रती मागवल्या, उत्तर दिलं. एप्रिल 2017 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून स्पष्ट केलं की अनिवासी खलाशाचा बाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही रत्नागिरीत बैठक घेतो.

गोव्याचं काम असंच ओळखीतून आलं. तिथे लग्न आणि मालमत्तेला 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून लागू आहे, आणि नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी 1994 मध्ये कलम 5अ आलं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. आता समजा, नवरा इंग्लंडमध्ये स्विंडनला कामाला आहे आणि बायको सासूला सांभाळत मडगावात राहते. घर विकलं तर अर्धा नफा अनिवासी माणसाचा आणि अर्धा निवासी बाईचा. दोघांच्या करकपातीचे नियम वेगळे, दर वेगळे. घेणाऱ्याचा वकील धास्तीने सगळ्याच रकमेवर अनिवासीचा कर कापायला बघतो, आणि तो पैसा परत मिळेपर्यंत वर्ष जातं. आम्ही व्यवहाराआधीच नवऱ्यासाठी कमी कपातीचा दाखला काढतो आणि बायकोचा हिस्सा खरेदीखतात वेगळा लिहून घेतो. तिच्या नावाने, तिच्या खात्यात, तिचा वेगळा धनादेश. यासाठी मी भांडते, आणि यापुढेही भांडेन.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांबद्दल एक गोष्ट पालकांना सांगायलाच हवी. तिथल्या अनिवासी माणसाला उत्पन्नातून प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) सहसा मिळत नाही. भारत-अमेरिका कराराच्या कलम 21 मुळे भारतीय विद्यार्थ्याला मिळते. कॅम्पसवर नोकरी करणाऱ्या मुलाचा त्यामुळे बराचसा कर वाचतो. तरी दरवर्षी ती वजावट न घेता भरलेली रिटर्न्स आमच्याकडे येतात आणि आम्ही ती दुरुस्त करून देतो. हिंजवडीतल्यांसाठी असाच मुद्दा रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टाचा. शेअर थोडे असोत की जास्त, निवासी माणसाने ते दाखवायचेच, आणि तेही आर्थिक वर्षाचे नव्हे तर 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे. न दाखवल्यास 2015 च्या काळ्या पैशांच्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण दाखवण्याचं बंधन तसंच आहे.

काही कामं आम्ही घेत नाही. मॉरिशसशी 1982 मध्ये झालेल्या कराराचा फायदा घ्यायला तिथे नावापुरती कंपनी काढून द्या, अशी मागणी पूर्वी वारंवार यायची. पैसे चांगले होते. 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारताला कर लावता येऊ लागला. आम्ही त्याआधीही नाही म्हणत होतो. ज्या घरात कुणी राहत नाही ते घर करारासमोर घर म्हणून मांडायला माझी सही नाही.

आज ऑफिसात बहुतेक बायका आहेत. काही जणी मूल झाल्यावर नोकरी सोडून घरी बसल्या होत्या. परदेशी वेळेमुळे आमची बरीच बोलणी रात्री होतात. म्हणून ज्या रात्री बोलतात त्यांनी सकाळी यायचं नाही, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला आणि त्याने माणसं टिकली.

1 एप्रिल 2026 ही नवा प्राप्तिकर कायदा, 2025 लागू होण्याची तारीख. 1961 च्या कायद्याची कलमं त्यात नव्या क्रमांकांनी 536 कलमांत आली आहेत. करार मात्र तेच आहेत. जुनी-नवी कलमं शेजारी-शेजारी मांडलेली मराठी पुस्तिका आमच्या ऑफिसातल्या मुली तयार करत आहेत. रत्नागिरीच्या बैठकीत ती सगळ्यांना मिळेल. येताना सीडीसीची सगळी पानं, कोरीसुद्धा, आणि एनआरई खात्याचा वर्षभराचा उतारा सोबत आणावा. मुलगा शिपवर असेल तर आई-वडिलांनी आलं तरी चालेल.