मंगळवारची पोरं, शुक्रवारचा पिचर : टेक्सासात कॉलेज बेसबॉल बघत दहा दिवस

अण्णा कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ह्यूस्टनला आले आणि तिसऱ्याच आठवड्यात कंटाळले. आयपीएल इथल्या घड्याळानं सकाळी नऊला सुरू होतं, जेवणाच्या वेळेपर्यंत संपतं. त्यानंतर दिवसभर करायचं काय? चौतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेला माणूस, सोफ्यावर किती बसणार? शेवटी मी म्हटलं, अण्णा, चला, तुम्हाला पोरांचा खेळ दाखवते. व्यावसायिक लीगचा नाही, कॉलेजचा.

मी एमएस कॉलेज स्टेशनला, टेक्सास ए अँड एममध्ये केलं. तिथल्या मैत्रिणीनं एकदा ओढून नेलं तेव्हापासून हा नाद लागला. पण मुद्दाम वेळ काढून, तीन मैदानं ठरवून अशी फेरी पहिल्यांदाच केली. कुणाला जायचं असेल तर काय करावं आणि आम्ही काय चुकलो, ते लिहून ठेवते.

आधी वेळापत्रकाचं गणित, कारण सगळी मजा त्यातच आहे. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो. प्रत्येक संघ साधारण ५६ सामने खेळतो. मार्चच्या मध्यापासून आपापल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे कॉलेजांच्या गटातल्या, मालिका लागतात : शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस समोर तोच संघ. मंगळवार-बुधवारी जवळपासच्या एखाद्या कॉलेजशी एक सुटा सामना. मेअखेर-जूनमध्ये ६४ संघांची बाद फेरी, आणि त्यातले शेवटचे आठ नेब्रास्कातल्या ओमाहाला जातात. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आठवड्यातून एकदाच टाकतो, म्हणून संघातला सगळ्यात भारी पिचर शुक्रवारी रात्री. 'फ्रायडे गाय' म्हणतात त्याला. जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात तेव्हा, ज्याचं नाव वर असणार तो बहुतेक शुक्रवारीच दिसतो. मंगळवारी येतात ती उरलेली : पहिल्या वर्षाची पोरं, कोपराच्या ऑपरेशननंतर परतलेली, अजून कुणालाच नीट न कळलेली.

मी आधी फक्त शुक्रवारच बघायची. अण्णांमुळे मंगळवार कळला.

पहिलं मैदान राइस विद्यापीठाचं, रेकलिंग पार्क. ह्यूस्टनच्या मेडिकल सेंटरच्या उंच इमारती स्टँडमधून अगदी अंगावर आल्यासारख्या दिसतात. गाडी न्यायची नसेल तर मेडिकल सेंटरमधून जाणाऱ्या रेड लाइन ट्रामनं उतरून चालत जाता येतं. हे छोटं, महागडं, अभ्यासू कॉलेज. पण २००३ साली यांनी ओमाहाला जाऊन विजेतेपद आणलं. पुढच्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ नावांत यांचेच तीन पिचर होते : फिलिप हंबर तिसरा, जेफ नीमन चौथा, वेड टाउनसेंड आठवा. एका कॉलेजचे तिघे! पुढे हंबरनं २०१२ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून परफेक्ट गेम टाकला, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद, एकही बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावरसुद्धा, पोचला नाही. टाउनसेंडनं पहिल्या वर्षी करारच केला नाही, पुढच्या वर्षी परत आठव्याच नंबरला निवडला गेला, मग हात गेला, आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, एकही सामना न खेळता संपला. मी हे सगळं गाडीत सांगत होते. अण्णा म्हणाले, "तालमीतबी असंच असतं. ज्याच्यावर गाव पैसं लावतं त्याचाच गुडघा जातो."

मंगळवारी तिकिटं स्वस्त, स्टँड अर्धे रिकामे. हवं तिथं बसा, कुणी उठवत नाही. आम्ही तासभर आधी पोचलो. हा माझा पहिला आग्रहाचा सल्ला : तासभर आधी पोचा, आणि खुर्चीत न बसता सरळ बुलपेनच्या कुंपणाला जाऊन उभे राहा. बुलपेन म्हणजे पिचर हात गरम करतात ती बाजूची जागा. मोठ्या लीगमध्ये तिथं जवळ जाणं अवघड असतं. इथं मंगळवारी तुम्ही आणि तो पोरगा यांच्यात फक्त एक जाळी.

त्या दिवशी एक डावखुरा होता. पहिल्या वर्षाचा, काटकुळा, शर्ट अंगावर लोंबणारा. नाव मुद्दाम देत नाही, कोवळं पोरगं आहे. कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, चेंडू बसला की आवाज येत होता, ओलं धुणं दगडावर आपटावं तसा. मी चेंडू बघत होते. अण्णा बघत होते जमीन.

"पुढचं पाऊल बघ," म्हणाले. "दर वेळी त्याच खळग्यात पडतंय."

खरंच. माउंडच्या, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याच्या, मातीत त्याच्या उजव्या बुटानं एक वाटीएवढा खड्डा केला होता आणि प्रत्येक फेकीला बूट बरोब्बर त्यातच बसत होता. वीसेक फेकी झाल्या, खड्ड्याच्या कडा ढासळल्या नव्हत्या. शेजारी कोच टॅबलेट घेऊन उभा; वेग, फिरकी, सगळे आकडे त्याला लगेच दिसत होते. अण्णांकडे फक्त डोळे.

सामन्यात तीन इनिंग पोरानं छान टाकल्या. (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी, सामन्यात अशा नऊ.) चौथीत अण्णा एकदम म्हणाले, "आता मार खाईल. पाऊल वीतभर अलीकडं पडाय लागलंय." स्टँडमधून ते कसं दिसलं देव जाणे. पुढच्या दोघांना वॉक दिले (चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले की बॅटरला पहिला बेस फुकट), तिसऱ्यानं भिंतीपर्यंत मारला, कोच बाहेर आला, चेंडू काढून घेतला. अण्णांना आनंद झाला नाही. "दमलं लेकरू," एवढंच म्हणाले, आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं.

शुक्रवारी कॉलेज स्टेशन. ह्यूस्टनहून १५० किलोमीटरच्या आसपास : हायवे २९० नं हेम्पस्टेडपर्यंत, तिथून हायवे ६ धरून नाव्हासोटावरून वर. शुक्रवारी दुपारी तीननंतर निघालात तर २९० वर अडकलातच, म्हणून जेवण उरकून निघा. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत रस्त्याच्या कडेला ब्लूबॉनेटची निळी फुलं असतात. अण्णांनी तीनदा गाडी थांबवायला लावली.

आणि मग मी, तिथं दोन वर्षं काढलेली बाई, दारात अडकले. पर्स! आत फक्त पारदर्शक पिशवी चालते, हे मला माहीत होतं आणि मी विसरले होते. शिवाय पर्समध्ये थालीपिठाचा डबा. परत गाडीपर्यंत पंधरा मिनिटं चालत, आणि पुन्हा पंधरा मिनिटं. तेवढ्यात पहिली इनिंग गेली. तर : पारदर्शक पिशवी, तिकिटं फोनवर उघडून ठेवलेली, फोन पुरेसा चार्ज, आणि थालीपीठ गाडीतच खाऊन घ्या.

ए अँड एमच्या मैदानाचं, ब्लू बेल पार्कचं नाव जवळच्या ब्रेनहॅम गावातल्या आइस्क्रीम कंपनीवरून. इथलं पब्लिक म्हणजे एक वेगळंच प्रकरण. पाहुण्या पिचरनं चार बॉल टाकून वॉक दिला की स्टँड ओरडायला लागतं, "बॉल फाइव्ह!" पुढचाही बाहेर पडला की "बॉल सिक्स!" स्ट्राइक पडेपर्यंत मोजत राहतात. मैदानाजवळून रेल्वेचा रूळ जातो. मालगाडी आली की लोक सामना सोडून तिला हात करतात. अण्णांनीही केला. दोन्ही हातांनी.

त्या रात्री सगळे आले होते ते पाहुण्या संघाच्या पिचरसाठी. तिसऱ्या वर्षाचा, म्हणजे ड्राफ्टला पात्र. नियम असा : शाळेतून थेट गेला नाहीस तर चार वर्षांच्या कॉलेजात तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीस पूर्ण होईपर्यंत थांबायचं. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या वसंताला एवढं वजन. पैसे पटले नाहीत तर चौथ्या वर्षाला परत येता येतं, ही धमकी हातात असते. चौथं वर्ष संपलं की ती जाते आणि भाव पडतो.

होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे वीसेक माणसं ओळीनं. टोप्या, पोलो शर्ट, मांडीवर वही, हातात रडार गन. तेच स्काउट, व्यावसायिक संघांसाठी पोरं हेरणारे. आमची तिकिटं त्यांच्या चार ओळी वर होती. पिचरनं पाय उचलला की वीस हात एकदम वर, चेंडू मिटमध्ये गेला की एकदम खाली, माना वहीत. कुणी टाळी वाजवत नाही, कुणी च्यक् करत नाही. गनवर ९५, ९६ मैल येत होते, म्हणजे तासाला १५३-१५४ किलोमीटर. अण्णांना आकडा सांगितला तर म्हणाले, "वेग हाय. पण प्रत्येक बॉलनंतर खांदा चोळतोय, ते लिहिलं का कुणी?"

सहाव्या इनिंगला त्याला काढलं. आणि बघता बघता ती अख्खी ओळ उठली. वह्या मिटल्या, गन पिशवीत, सगळे जिन्यानं वर. सामना बरोबरीत होता!

"मॅच अर्धी टाकून चालले?" अण्णा खरोखर चिडले.

"त्यांचं काम झालं, अण्णा."

"नवरदेव उठला, वऱ्हाड उठलं."

आम्ही त्या रिकाम्या खुर्च्यांच्या मागे शेवटपर्यंत बसलो. तुम्हीही बसा, उरलेल्या तीन इनिंगमध्ये टाकायला येणारी पोरं कुणाच्या यादीत नसतात आणि जिवावर उदार होऊन टाकतात. फक्त एक लक्षात ठेवा, ए अँड एमच्या कॉन्फरन्समध्ये सात इनिंगनंतर दहा रनांची आघाडी असली तर खेळ तिथंच थांबतो. म्हणून 'उशिरा जाऊ' हा बेत करू नका.

स्काउटांचं एक मात्र शिकण्यासारखं : स्टॉपवॉच. फोनमधलं चालतं. बॅटनं चेंडू लागल्यापासून पळणाऱ्याचा पाय पहिल्या बेसवर पडेपर्यंत मोजायचं. उजवा बॅटर ४.३ सेकंद म्हणजे बरा, ४.१ म्हणजे चपळ. डावखुरा बेसच्या एक पाऊल जवळ असतो, त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा कमी धरायचा. पहिल्या बेसवरचा गडी दुसऱ्याकडे पळत सुटला तर त्याला रोखायला कॅचरनं चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर पोचवायला दोन सेकंद म्हणजे चांगला. अण्णांना खेळाचे अर्धे नियम कळले नव्हते, पण शंभर मीटरच्या शर्यती त्यांनी आयुष्यभर मोजल्या. रविवारपर्यंत डायरीची चार पानं भरली.

मधल्या दिवसात ब्रेनहॅमला आइस्क्रीम आणि काल्डवेलला कोलाचे. कोलाचे म्हणजे चेक लोकांनी इथं आणलेला गोड पाव, मधोमध जर्दाळू नाहीतर खसखस. शाकाहारी असाल तर सॉसेज भरलेलाही त्याच नावानं विकतात, तेव्हा बोट दाखवायच्या आधी विचारा.

ऑस्टिनचं आटोपतं घेते. टेक्सास विद्यापीठाचं डिश-फॉक फील्ड आय-३५ हायवेला लागूनच, पार्किंग विद्यापीठाच्या गॅरेजात, आधी ठरवून जा. ऑस्टिनवाले सहा वेळा विजेते, आणि तसं वागतात. मला तिथं मोकळं वाटत नाही हे कबूल करते. २४ जून २०२४ ला आमचा ए अँड एमचा संघ ओमाहाच्या अंतिम फेरीत टेनेसीकडून एका रननं हरला आणि दोन दिवसांत आमचा कोच जिम श्लॉसनेगल इथं येऊन बसला. पुढच्या हंगामात आम्ही पहिल्या क्रमांकाचे म्हणून सुरुवात केली आणि ६४ संघांतही आलो नाही. ज्याचं नाव ड्राफ्टच्या अगदी वर घेतलं जात होतं तो आमचा जेस लाव्हायोलेट सत्ताविसावा गेला. असो.

तिथं विजा चमकल्या आणि खेळ थांबला. शेवटच्या विजेनंतर अर्धा तास मोजतात, मध्ये पुन्हा चमकली की मोजणी परत पहिल्यापासून. आम्ही दोन तास छपराखाली उभे होतो. वसंतात हे होणारच. पावसाचा अंदाज असला की रविवारचा सामना उचलून शनिवारीही खेळतात, ईस्टरच्या आठवड्यात मालिका गुरुवारीच सुरू होते. म्हणून निघायच्या आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. आणि एक जाडसर वरचं काहीतरी घ्या. पहिला तास ऊन भाजतं, अंधार पडल्यावर वारा झोंबतो.

परतताना गाडीत अण्णांनी डायरी काढली. शुक्रवारच्या शहाण्णव मैलवाल्याला एक ओळ. राइसच्या डावखुऱ्याला सव्वा पान, त्यात पावलाचं चित्र, अंतर वितीत.

"हे पोरगं कधी विकलं जाणार?"

विकलं जात नाही अण्णा, निवडलं जातं, म्हटलं. आणि ते पहिल्या वर्षाला आहे, २०२८ च्या आधी पात्रच नाही.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "माझा व्हिसा २०३१ पर्यंत हाय."