भर उन्हात पसरलेल्या बाहुल्या

मे महिन्यात दुपारी एकनंतर सोलापुरात माझ्या जनावरांच्या दवाखान्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. पारा 43च्या घरात असताना ना माणसाला बाहेर पडवत, ना जनावराला. त्यामुळे बोक्याला घेऊन अशोक चौकाकडून रिक्षा करून आलेल्या मायलेकांना पाहिलं तेव्हाच वाटलं, प्रकरण साधं नाही.

"मॅडम, कालपासनं दाराला धडकायलाय की ओ हा. दुधाची वाटी म्होरं ठेवली तरी सापडंना त्याला."

बोका तीन वर्षांचा, वजन 3.2 किलो. दारातून येणारं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडत होतं. एवढ्या उजेडात मांजराची बाहुली उभ्या रेघेएवढी बारीक व्हायला हवी. याच्या दोन्ही बाहुल्या मात्र काळ्याभोर, पार कडेपर्यंत पसरलेल्या. मी कापसाचा बोळा त्याच्या नाकासमोरून खाली सोडला. कापूस पडताना आवाज करत नाही, म्हणून या तपासणीला कापूसच घेतात. दिसणारं मांजर मान वळवून त्याच्याकडे बघतं. यानं मान हलवली नाही. खाली सोडल्यावर भिंतीला अंग लावत, मिशा पुढे काढून, पाय उंच उचलत तो चाचपडत चालला.

म्हाताऱ्या मांजरांची दृष्टी अशी एकाएकी जाते ती बहुधा रक्तदाब वाढून डोळ्यातला पडदा सुटल्यामुळे. पण हे तरणं जनावर. आत बघितलं तर पडदा जागेवर होता. त्याच्यामागची चमक मात्र नको तेवढी झळझळीत, आणि रक्तवाहिन्या बारीक पडलेल्या. पडदा झिजून पातळ झाला की मागचा चमकदार थर असा उघडा पडतो.

"घरी काही औषध चालू आहे का?"

मुलानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. एन्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे जंतू मारणारं अँटिबायोटिक, 50 मिलिग्रॅम. दुसऱ्या बोक्याशी भांडून याचा गाल सुजला होता. शेजाऱ्यांच्या स्पिट्झला मागे हीच गोळी लागू पडली होती, त्यातल्या उरल्या होत्या. लवकर बरं वाटावं म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक, सहा दिवस.

त्या कुत्र्याचं वजन दहा किलो, म्हणजे त्याला रोज एक गोळी बरोबरच होती. मांजरासाठी या औषधाची मर्यादा किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅम. या बोक्याला दिवसाला जास्तीत जास्त 16 मिलिग्रॅम चाललं असतं, आणि पोटात जात होते 100. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला. प्रेमापोटीच दिलं होतं त्यांनी. त्यांना रागावण्यात काही अर्थ नव्हता.

कुत्र्याचं औषध वजनाप्रमाणे अर्धं-पाव केलं की मांजराचं होतं, हा समज मला रोज भेटतो. तो धोकादायक आहे. रक्तातली नको ती रसायनं डोळ्याच्या पडद्यापासून दूर ठेवणारं एक प्रथिन असतं, ते मांजरांत नीट काम करत नाही. त्यामुळे हे औषध पडद्यात साठतं, आणि त्यावर उजेड पडला की तिथल्या पेशी मरतात. अमेरिकेतल्या पशुनेत्रतज्ज्ञांनी 2001 साली अशा 17 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली होती. गोळी वेळीच थांबली तर क्वचित थोडी दृष्टी परत येते. बहुतेकदा गेली ती गेलीच. मायलेकांना मी हे आडपडदा न ठेवता सांगितलं.

गोळ्या त्याच क्षणी बंद केल्या. मग गालाकडे वळले. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, तोंडातले जंतू आत सोडतो, वरची कातडी चटकन मिटते आणि आत पू साठतो. अशा गळवाला आधी वाट करून द्यावी लागते. केस काढले, छोटा छेद दिला, घाण वास मारणारा पू निघाला, सलाइननं आतून धुतलं. ताप नव्हता, बोका खात होता, म्हणून दुसरं अँटिबायोटिक लिहिलं नाही. मुलाला ते पटेना. "काहीच गोळी नाही?" त्यानं दोनदा विचारलं. जखम चार-पाच दिवसांत भरून आली. म्हणजे ज्या दुखण्यापायी डोळे गेले, त्याला त्या गोळीची गरजच नव्हती. मला अजूनही सगळ्यात जास्त हेच लागतं.

दृष्टी परतली नाही. बोका मिशा आणि नाकाच्या जोरावर घरात व्यवस्थित वावरतो. वाटी, रेतीचा डबा आणि पलंग यांच्या जागा बदलायच्या नाहीत एवढं घरच्यांनी कटाक्षानं पाळलंय. बाहेर मात्र सोडत नाहीत.

पावसाळ्यात त्यांच्याच मांजरीला शिंका आणि डोळ्यांना पाणी सुरू झालं, तेव्हा मुलानं आधी फोन केला. "मॅडम, डॉक्सी आहे घरात, देऊ का?" शिंका बहुधा विषाणूच्या असतात, खात-पीत असेल तर थांब, डोळे कोमट पाण्यानं पूस, खाणं सोडलं तर लगेच घेऊन ये, असं सांगितलं. शिवाय डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, त्याची गोळी मांजराला कोरडी देऊ नकोस, ती अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होऊन नळी आवळते. कधी लिहून दिलीच तर गोळीमागे सिरिंजनं 5-6 मिली पाणी पाजायचं. त्यानं ते लिहून घेतलं. आठवड्याभरात मांजरी आपसूक बरी झाली, आणि डॉक्सीचं पाकीट तो मला आणून देऊन गेला.