ऑल्डबराच्या गोट्यांवर

इंग्लंडच्या पूर्वेला असलेल्या ऑल्डबराच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. कोकणातल्या सवयीने चपला हातात घेतल्या आणि चार पावलांत मुकाट परत पायात घातल्या. लाट मागे सरताना हे गोटे एकमेकांवर घासत खडखडतात. समुद्र दात वाजवतोय असं वाटतं.

इप्सविचहून सॅक्समंडमपर्यंत छोटी रेल्वे, पुढे बस. "तिथे आहे काय? मासे?" आत्तेभावाने विचारलं होतं. मासे आहेतच, किनाऱ्यावरच्या टपऱ्यांत विकतात. मी गेले होते इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या 'पीटर ग्राइम्स'साठी. हा ऑपेरा ७ जून १९४५ रोजी लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात प्रथम झाला, पण गोष्ट या किनाऱ्याची. ग्राइम्स नावाच्या मच्छीमाराच्या बोटीवरचा शिकाऊ पोरगा मरतो आणि गाव मालकाला खुनी ठरवून मोकळं होतं. ज्याच्या काव्यातून ती घेतली तो जॉर्ज क्रॅबही इथलाच.

खरं सांगते, इंग्रजी ही माझ्या लेखी ऑफिसच्या मेलची भाषा. ती गाता येते यावर माझा विश्वास नव्हता. गोट्यांवर बसून हेडफोन लावले. १९५८चं ध्वनिमुद्रण, ऑर्केस्ट्रा खुद्द ब्रिटनच्या हाताखाली, ग्राइम्स झालाय पीटर पिअर्स.

बाहेर वादळ, पब गच्च भरलेला. ग्राइम्स आत येतो आणि सप्तर्षी आणि कृत्तिकांबद्दल गाऊ लागतो. टेनर, म्हणजे उंच पट्टीतला पुरुषी आवाज, म्हटला की मला वरची किंकाळी अपेक्षित. हा मात्र एकाच स्वरावर उभा. शब्द बदलतात, पण 'ई' (E) हा पाश्चात्त्य सूर काही सुटत नाही, आणि खाली वाद्यं हलत राहतात. तंबोऱ्याने फिरावं आणि गवयाने जागचं हलू नये, असला उलटा प्रकार! पुष्कळ टेनरांचा आवाज नेमका या जागी अडखळतो. पिअर्सचा इथेच खुलायचा आणि ब्रिटन त्याचा गळा डोळ्यांपुढे ठेवून लिहायचा. मला तर प्रत्येक शब्द कळला, शेवटच्या व्यंजनासकट.

गाणं संपतं आणि अवघडलेले लोक मासेमारीचं एक गाणं सुरू करतात, एकामागून एक गट त्यात शिरत जातो. बोटांनी गोट्यावर मात्रा मोजल्या. सात! आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाची खाली-भरी त्यात शोधू नये, पण मान डोलायची ती डोललीच.

चर्चच्या आवारात ब्रिटन आणि पिअर्स यांच्या कबरी शेजारीशेजारी आहेत. शेजारच्या थॉर्पनेस गावाच्या दिशेने शिल्पकार मॅगी हॅम्ब्लिंगचा भलामोठा पोलादी शिंपला आहे, त्याच्या कडेवर याच ऑपेरातली ओळ कोरलेली. २००३मध्ये तो उभारला तेव्हा गावातले पुष्कळ जण चिडले, त्यावर रंगही फेकले गेले. ग्राइम्सचंच गाव!

संध्याकाळी शेवटचा अंक ऐकला. धुकं, दुरून येणारा भोंगा, पडद्यामागून गाव ग्राइम्सच्या नावाने हाका मारतंय. मग म्हातारा कप्तान येतो. किनारा दिसेनासा झाला की बोट बुडव, असं तो सांगतो, आणि हे तो गात नाही, नुसतं बोलतो. दोन तासांहून जास्त गाणं ऐकल्यावर ते साधं बोलणं असं काही लागतं की मी हेडफोन काढून ठेवले.

जरा वेळाने परत लावले. सकाळ झालेली. लांब एक बोट बुडतेय असं कोणीतरी सांगतं, ती दिसत नाही म्हणून विषय तिथेच संपतो आणि गाव कामाला लागतं.

बसला वीस मिनिटं होती. टपरी बंद होत होती. आत्तेभावासाठी धुरावलेला बांगडा घेतला.