नेत्रावळीचा पाऊस आणि पायातले बूट

पावसाळ्यात गोव्याच्या रानात उतरणार असाल, तर खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यात बुटात पाणी जाणारच. ते बाहेर किती लवकर येतं, एवढंच बघायचं. ऑगस्टात सावरी आणि मैनापी हे तिथले धबधबे बघून वर वेर्ले गावापर्यंत जाऊन आलो. तिघांच्या पायांत तीन तऱ्हेचे बूट होते, त्यामुळे तुलना आयतीच झाली. मित्राचे घोट्यापर्यंतचे, आत मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पातळ पडदा, असलेले महागडे बूट. वहिनींचे हलके, जाळीचे ट्रेल रनिंग शूज. आणि माझे कॅनव्हासचे उंच जंगल बूट. वाट दाखवायला आलेले वेर्ल्याचे वेळीप काका मात्र काळ्या प्लास्टिकच्या बुटांत, आणि तेही बिनमोज्यांचे.

मडगावहून केपें, तिळामळ, रिवण असा रस्ता आहे. रिवण सोडल्यावर पणसायमळचा फाटा लागतो, तिथे वाकडी वाट करून थांबाच. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणं, माणसं आणि एक मोठं वाटोळं चक्रव्यूह कोरलेलं आहे. गावकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, अभ्यासकांच्या नजरेत ते 1993 साली आलं. इथे एक विनंती: चित्रांवरून बूट घालून फिरू नका. खोल खाचांचा सोल आणि त्यात अडकलेले खडे ओल्या जांभ्यावर काय करतात, हे आपल्या घराच्या पायऱ्या बघूनही कळेल.

चित्रांपासून दूर, याच कातळावर बुटांची पहिली परीक्षा झाली. जांभा कोरडा असताना कानशीसारखा असतो, बुटाचं नाक आणि कडा खाऊन टाकतो. पावसात त्याच जांभ्यावर हिरवट-काळं शेवाळ धरतं आणि मग तिथे उभं राहणंही कठीण होतं. म्हणजे एकाच दगडावर बुटाला दोन उलट गोष्टी जमल्या पाहिजेत: झीज सोसायची आणि घसरायचं नाही. हे दोन्ही एका रबरात मिळणं अवघड. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं पण ओल्या दगडावर निसटतं. मऊ रबर दगडाला धरतं पण डांबरी रस्त्यावर चालून चालून लवकर गुळगुळीत होतं. वहिनींच्या शूजचं रबर सगळ्यांत मऊ, आणि त्या दिवशी सगळ्यांत कमी घसरल्या त्याच. माझे जंगल बूट चिखलात राजे, पण शेवाळलेल्या कातळावर मी म्हाताऱ्यासारखा चालत होतो. दुकानात सोलवर अंगठ्याचं नख दाबून बघा. जरासुद्धा रुतत नसेल तर तो बूट कोरड्या मुलखासाठी.

खाचांबद्दल एवढंच, की त्या खोल हव्यात, चार-पाच मिलिमीटर, पण त्याहीपेक्षा रुंद हव्यात. अरुंद खाचांत तांबडी माती भरली की सोल सपाट होतो. अमेरिकी लष्कराने जंगल बुटांना जो ‘पनामा सोल’ लावला, त्याची सगळी करामत यातच आहे: खाचा तिरप्या आणि मोकळ्या, पाऊल उचललं की चिखल आपोआप गळून पडतो.

सावरीची वाट सोपी आहे, फारसं लिहिण्यासारखं काही नाही. धबधबा देखणा, गर्दी रविवारची. तिथे चपला घालून आलेलं एक टोळकं भेटलं, त्यांच्याविषयी बोलायलाच नको.

मैनापीची वाट लांब, आणि मधे व्हाळ, म्हणजे ओढा, आडवा येतो. काका थांबले, काठीने पाणी चाचपलं, आणि सरळ बुटांसकट आत शिरले. मागे वळून म्हणाले, “शूज खंयचेय घाल, पांय खंय दवरता तें पळय.” म्हणजे बूट कुठलेही घाल, पाय कुठे ठेवतोस ते बघ. पाणी गुडघ्याच्या जरा खाली होतं. पलीकडे गेल्यावर काकांनी एकेक पाय उचलून बूट उपडा केला आणि चालायला लागले. माझ्या बुटांना तळाशी आतल्या बाजूला जाळीची दोन-दोन बारीक भोकं आहेत. दहा-बारा पावलं पिचकाऱ्या उडाल्या आणि पाणी संपलं. वहिनींच्या जाळीतून तर ते थांबलंच नाही. मित्राच्या बुटांत मात्र वरून शिरलेलं पाणी तसंच राहिलं. जे मेंब्रेन बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ते आतलं तरी बाहेर कसं जाऊ देणार? बिचारा दगडावर बसला, बूट काढले, मोजे पिळले, पुन्हा घातले. पुढच्या ओहोळाला तेच.

मेंब्रेन वाईट नाही, ती हिमालयात उत्तम चालते. तिचं काम वाफेवर चालतं. पायाचा घाम वाफ होऊन बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड लागते. ऑगस्टात आपल्याकडे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात. वाफ जाणार कुठे? पाऊस नसतानाही त्या बुटात पाय घामाने भिजतो, आणि दिवसभर भिजलेल्या कातडीला फोड यायला एक चढ पुरतो.

आता जळवा. सगळे विचारतात म्हणून जरा तपशिलात. मैनापीच्या वाटेवर एका पानाच्या टोकावर एक उभी होती, सुतळीच्या धाग्याएवढी, मागच्या चोषकावर तोल धरून पुढचं टोक हवेत फिरवत. माझा बूट जवळ गेला तशी ती चढली. बुटावर दोन-तीन ढांगा टाकून लेसच्या भोकापाशी थांबली, तिथून जिभेच्या कडेला गेली, आणि वाट सापडेना म्हणून परत फिरली. वाट न सापडण्याचं कारण, माझ्या बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली आहे. बूट घेताना लेस पूर्ण सैल करून ही शिवण बघा. जीभ सुटी असेल तर जळू, माती, काटे, सगळ्यांना दार उघडं. जाळीच्या शूजमधून बारीक जळू सरळ आत जाते, पण वहिनींनी त्यावर उपाय केला होता: शिंप्याकडून घट्ट विणीच्या सुती कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवून घेतले, वर नाडी. ते नेहमीच्या मोज्यांवर चढवायचे. विकतही मिळतात, लीच सॉक्स म्हणून. तंबाखू-चुन्याचं पाणी त्यावर चोळलं की आणखी बरं. डीट हे किडे पळवणारं रसायन असलेलं औषध वापरत असाल तर बुटावर फवारू नका, काही प्लास्टिक आणि कृत्रिम कापडं त्याने खराब होतात. चावलीच तर घाबरू नका. तिच्या लाळेतल्या हिरुडीनमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून वाहत राहतं. नखाने तिचं तोंड बाजूला सारायचं, जखम धुवायची, दाबून धरायची.

उंच बूट का, असं मित्राने वाटेत विचारलं. पाय मुरगळू नये म्हणून, हे दुकानदाराचं उत्तर. त्यावर माझा फारसा विश्वास नाही. मुरगळायचा तो उंच बुटातही मुरगळतो. माझं कारण साप आणि गोचीड. आपल्या रानात हम्प-नोज्ड पिट व्हायपर हा लहानसा साप वाळक्या पानांत पडून असतो, पानासारखाच दिसतो. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते, त्यात हा नाही. म्हणून तो चावणार नाही याचीच काळजी घ्यायची: घोट्याच्या वर जाणारा बूट, त्यावर जाड पँट किंवा गेटर, म्हणजे नडगीभोवती बांधायचं जाड कापडी आवरण. चावलाच तर बाकी काही न करता थेट इस्पितळ.

गोचिडांची गोष्ट पावसाळ्यातली नाही, ती डिसेंबर ते मे-जूनची. थंडीत किंवा उन्हाळ्यात उत्तर गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात जाणार असाल तर नीट वाचा. माकडताप हा आजार 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. 2015 साली सत्तरीतल्या पाली गावात त्याची साथ आली. तो पसरतो गोचिडांच्या चाव्यातून, आणि गोचिडांची पिल्लं तिळाएवढी असतात. काजूच्या बागायतीत पाला तुडवताना ती बुटावरून वर चढतात. पँट मोज्यात खोचायची, मोजे फिक्या रंगाचे घ्यायचे म्हणजे चढताना दिसतात, आणि घरी आल्यावर बूट उंबऱ्याबाहेर.

ऑनलाइन बूट शोधायला गेलात की ‘हंटिंग बूट’ हा कप्पा पुढे येतो आणि फोटो बघून मोह होतो. शिकार आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, ती बंदच राहू दे. पण त्या बुटांच्या काही गोष्टी पक्षी बघणाऱ्यांना आणि फोटो काढणाऱ्यांना कामाच्या आहेत: आवाज न करणारा लवचीक सोल, शिवलेली जीभ, नाकावर जाड रबराची पट्टी, आठ-दहा इंच उंची. नको ती ऊब. वर्णनात 400 ग्रॅम, 800 ग्रॅम असं लिहिलेलं दिसतं, ते बुटाचं वजन नव्हे, आत भरलेल्या उबदार अस्तराचं माप. अमेरिकेतल्या माँटानाच्या बर्फात तासन्‌तास बसणाऱ्यासाठी ते बनतं. आपल्याला शून्य हवं, म्हणजे ‘अनइन्सुलेटेड’. आणि वजन बघाच. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा चार ते सहा पट थकवतं, हे लष्करी चाचण्यांत मोजलेलं आहे. म्हणजे बूट जरा हलके घेतले, तर तेवढ्याच थकव्यात पाठीवर आख्खी पाण्याची बाटली येते.

वेर्ल्याला मुक्काम एका घरी. जेवायला उकड्या तांदळाचा भात, अळसांद्यांची आमटी आणि तळलेल्या फोडी. मित्राने बूट चुलीपाशी ठेवले, काकींनी ते उचलून पडवीत आणून ठेवले. बरोबर केलं. सोल चिकटवलेला गोंद उष्णतेने सैल होतो, कातडं तडकतं. आतला पातळ सोल बाहेर काढायचा, लेस सैल करायची, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि झोपायच्या आधी एकदा ते बदलायचे. सकाळी वहिनींचे शूज दमट होते, माझे ओलसर, मित्राचे काल संध्याकाळी होते तसेच. कोरडे मोजे मात्र तिघांकडेही होते. पायाला लागून घालायचे मोजे सुती आणू नका, पाणी धरून ठेवतात. लोकरीचे मेरिनो किंवा कृत्रिम धाग्याचे आणा, एक जोड फक्त रात्रीसाठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला.

परतीच्या उतारावर नखांची परीक्षा. बूट संध्याकाळी विकत घ्यावा, दिवसभराने पाय सुजलेला असतो तेव्हा, आणि रानात घालणार तेच मोजे घालून. दुकानात उताराची फळी नसेल तर जिन्यावर खालच्या दिशेला तोंड करून उभं राहा आणि पाय बुटात पुढे ढकला. बोटं टोकाला लागली तर एक नंबर मोठा घ्या. टाच मात्र वर उचलली जाता कामा नये. तेवढ्यासाठी लेस वरच्या दोन भोकांतून फासासारखी ओढून टाच आवळता येते. आणि रानात निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा.

वाटेत खाली येताना आणखी एका गटातल्या मुलाच्या बुटाचा सोल टाचेपासून जिभेसारखा लोंबत होता. बूट चांगल्या प्रतीचा, कपाटात काही वर्षं पडून राहिलेला. यात नवल नाही. बऱ्याच बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट हवेत तो न वापरताही आतून विरतो. आपल्याकडे पट्टे आणि पाकिटंसुद्धा जुलैत पांढरी होतात, तिथे सोलाचं काय! ईव्हीए या फोमचा थर असा विरत नाही, पण दाबून लवकर चपटा होतो. काकांनी खिशातून सुंभ काढला, पंजाखालून दोन वेढे घालून वर गाठ मारली, आणि पोरगा गाडीपर्यंत पोचला. पिशवीत सुंभ किंवा जाड चिकटपट्टी असू द्या.

मृग लागायच्या आधी बूट कपाटातून काढा. दोन्ही हातांनी जोर लावून वाकवा आणि सोलाची बाजू नीट बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो बूट बाजारात जाण्यापुरता. धड असेल तर मोच्याकडून सोलाला चारी बाजूंनी जाड नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून घ्या. कॅनव्हासच्या बुटांनाही ती मारता येते, आणि नुसत्या गोंदापेक्षा ती कितीतरी भरवशाची. पावसाळा संपल्यावर बूट हवाबंद डब्यात कोंबू नका, हवेशीर जागी ठेवा आणि अधूनमधून घाला.

निघण्याआधी नेत्रावळीच्या वनखात्याच्या चौकीवर धबधबे खुले आहेत का ते विचारा. 2023 च्या जुलैत मैनापीला दोघे बुडाल्यावर अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती, पुढे ती सैल झाली, पण पाऊस वाढला की गेट बंद होतं. सकाळी लवकर पोचा, गावातला वाटाड्या घ्या, आणि व्हाळाचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलेलं दिसलं तर बूट कितीही चांगले असोत, अलीकडच्या काठावरूनच परत फिरा.