टेक्सासात पहिली बाराबोर घेताना

अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर असताना बंदूक घेता येत नाही, असं बहुतेक जण धरून चालतात. मनाई खरीच आहे, पण चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून मी आधी परवाना काढला. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. १७ वर्षं पूर्ण असतील तर तो ऑनलाइन होतो. होल्यांच्या (कबुतरासारख्या पक्ष्यांच्या) शिकारीसाठी मायग्रेटरी गेम बर्डची, म्हणजे स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीची, जोड वेगळी घ्यावी लागते. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज) भरताना परवाना आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) क्रमांक हाताशी हवा. परवाना ३१ ऑगस्टला संपतो, आणि त्याबरोबर सूटही. मनाई विकत घेण्यापुरती नाही, बंदूक-काडतुसं जवळ बाळगण्यालाही आहे. ही तारीख चुकवून चालत नाही.

आता बंदूक. आपल्याकडे ठासणीची आणि बाराबोर एवढीच ओळख असते. मला एकाच बंदुकीत हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या, होले, बदकं आणि जमलंच तर फेझंट पक्षी असं सगळं हवं होतं. बाराबोरची काडतुसं कुठेही मिळतात आणि २८ ग्रॅमच्या हलक्या भारापासून बदकांच्या जड भारापर्यंत सगळी चालतात, म्हणून तीच. चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ३ इंची. साडेतीन इंचीने फक्त खांदा दुखतो. २० बोर (बोरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक) हलकी पडते हे खरं, पण घरात दोन्ही असतील तर काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नका. २० चं काडतूस बाराबोरच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं. मागून १२ चं घालून चाप ओढला की नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी असतात ती यासाठीच.

पंप (दर बारानंतर हाताने मागे-पुढे ओढायची) की सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी), यावर मी सर्वांत जास्त वेळ घातला. पंप स्वस्त, आणि हलक्या काडतुसांवरही रुसत नाही. पण घाईत हात पूर्ण मागे आला नाही तर पुढचं काडतूस चढत नाही. शिवाय दिवसाला शंभर तबकड्या मारल्या की खांदा बोलतो. बाराच्या दारूतून निघणाऱ्या गॅसवर चालणारी सेमी-ऑटो धक्का बराच गिळते; बदल्यात पिस्टन आणि गॅसची भोकं साफ ठेवावी लागतात. मी क्लबवर दोन्ही भाड्याने चालवून पाहिल्या आणि २८ इंची नळीची गॅसवाली घेतली.

ब्रँडपेक्षा दस्ता अंगाला बसणं महत्त्वाचं. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नळीवरची पट्टी सपाट दिसली आणि पुढचा मणी मधोमध आला तर ठीक. नळीची मागची बाजूच दिसत असेल तर गाल फार खाली जातोय, आणि नेम खाली लागणार. बुटक्या माणसाला दस्ता सहसा लांब पडतो आणि काखेत अडकतो. माझ्या बंदुकीसोबत शिम (दस्त्याचा कल बदलणाऱ्या पातळ चकत्या) आले होते, ते बदलून काम झालं. दस्ता लांब असता तर कापावा लागला असता.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारा तुकडा. मोकळ्याकडून घट्टकडे असे तीन पुरेसे: होले आणि स्कीटला (तबकड्यांचा एक खेळ) इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, फेझंटला मॉडिफाइड, ट्रॅपला (तबकड्यांचा दुसरा खेळ) फुल. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे साधारण ५०% छर्रे पडतात, मॉडिफाइडचे ६०, फुलचे ७०. हे पुस्तकातले आकडे. प्रत्यक्षात काडतूस बदललं की आकडा बदलतो, म्हणून मोठ्या कागदावर स्वतः मारून मोजावं. बदकांसाठी १९९१ पासून देशभर शिशाला बंदी आहे. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत, त्यांचा झुबका (छर्ऱ्यांचा फैलाव) आधीच घट्ट पडतो. त्यांना फुल चोक लावू नये.

होले आणि बदकांसाठी मॅगझिनमध्ये (जादा काडतुसं राहतात त्या नळीत) प्लग (जागा कमी करणारा दांडा) हवाच, चेंबर धरून तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. आणि दर पंचवीस बारांनंतर बंदूक रिकामी करून चोक घट्ट आहे का पाहावं. सैल चोकवर बार काढला तर नळीचं तोंड फुगतं.