खाऱ्या वाऱ्यातली सेडान : अठरा महिन्यांची नोंद

गाडी २०१३ ची, दीड लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर. डिसेंबर २०२३ मध्ये घेतली तेव्हा मीटरवर ७८,२०० किलोमीटर होते, काल संध्याकाळी ९६,४०० झाले. मुक्काम गुहागर. रात्री लाटांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो, इतका समुद्र जवळ. किनाऱ्यावर राहून जुनी मोठी गाडी सांभाळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळा हिशेब मांडतो आहे.

आधी खरेदीबद्दल, कारण पुढचा निम्मा खर्च तिथेच ठरला. माझ्यापुढे दोन गाड्या होत्या. एक आपल्याच किनारपट्टीवरची, फर्स्ट ओनर, फक्त ४१,००० किलोमीटर, रंग आरशासारखा. दुसरी पुण्याची, जवळजवळ दुप्पट चाललेली, बंपरवर ओरखडे. माझं मन पहिलीवर होतं. चिपळूणच्या गॅरेजमधले काका सोबत आले होते, ते म्हणाले, "दादा, मीटर मागाहून बघा. आधी खाली झोपा."

खाली झोपलो. फणस तयार झाला का हे थापटून बघतो, तसं त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दारांखालची पट्टी वाजवत नेली. पुढे टणटण आणि मागच्या चाकाजवळ एकदम बद्द. तिथे पत्रा आतून सडलेला होता, वर नुसता रंग उभा होता. जॅक लावायची जागाही तशीच. पुण्याची गाडी शेवटपर्यंत टणटणली. ती ३,४०,००० रुपयांना घेतली.

याच भागात गाडी बघणार असाल तर आणखी एक गोष्ट कराच. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीच्या पाण्याखाली चिपळुणातल्या कितीतरी गाड्या गेल्या. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, एरवी गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटचे बोल्ट आणि कारपेटखालचा पत्रा बघा. गाळ तिथून पूर्ण काढणं फार अवघड असतं.

पहिला उन्हाळा, मे २०२४. एसी गार करेनासा झाला. गॅस भरला, तीन आठवड्यांत परत तेच. मग एसीच्या नळ्यांत चमकणारा रंग घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं, तर कंडेन्सरच्या (गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या कोपऱ्यात हिरवा डाग, म्हणजे गळती तिथे. कंडेन्सर ॲल्युमिनियमचा, जाळीच्या अगदी मागे बसलेला, समुद्रावरचा वारा थेट अंगावर घेणारा. खालच्या पात्या बोट लावताच पांढऱ्या भुकटीसारख्या गळत होत्या. कंडेन्सर, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) आणि एसीचा आर-१३४ए गॅस मिळून ११,२०० रुपये. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, हे मी पहिल्या गॅसचे पैसे देऊन शिकलो.

ऑगस्ट २०२४ ची नोंद जरा लांबवतो, कारण हा दोष ओळखता आला तर एका बॅटरीचे पैसे वाचतात.

पावसात सकाळी स्टार्टर जड फिरायला लागला. कुर्रर्र करून थांबायचा, दुसऱ्या चावीला सुरू. बघेल तो म्हणे बॅटरी गेली. पण बॅटरी दोनच वर्षांची आणि बंद गाडीत १२.६ व्होल्ट दाखवत होती. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बायकोने चावी फिरवली. काटा १.१ व्होल्टवर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. म्हणजे वीज बॅटरीत होती, पण परतीच्या वाटेवर अडत होती. अर्थिंगची पट्टी (इंजिनकडून बॅटरीकडे वीज परत नेणारी) काढली तर वेणीसारख्या तारांच्या आत हिरवट पूड भरलेली आणि बोल्टखाली गंज. पट्टी ३५० रुपयांची. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासली, आवळली, वरून व्हॅसलीन लावलं. त्यानंतर एकदाही अडली नाही.

हे होतं कशामुळे? पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरते ना, तेच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण ओल ओढून स्वतःच थेंब होतो. आपल्याकडे पावसाळ्यात कोरडी रात्र शोधावी लागते. त्यामुळे गाडी शेडमध्ये उभी असली, अंगावर थेंब पडला नाही, तरी तिच्या सांध्यांत खारं पाणी असतंच आणि गंजाचं काम रात्रभर चालू राहतं.

ब्रेकचंही तसंच. गणपतीत गाडी आठ दिवस हलली नाही आणि हँडब्रेक ओढलेला होता. मागचं डावं चाक ड्रमला चिकटलं. पुढच्या चाकांत कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम, म्हणून एकीकडचं पॅड दुसऱ्यापेक्षा दुप्पट झिजलेलं. पॅड, पिना, ड्रमची सफाई मिळून ४,३०० रुपये. पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. आता जास्त दिवस उभी करायची असेल तर पहिला गिअर टाकतो, चाकाला जांभ्याचा तुकडा लावतो, हँडब्रेक सोडून ठेवतो.

सस्पेन्शन कुठल्याही सेडानचं जाईल तसं गेलं. बारक्या खड्ड्यांवर खडखड म्हणजे लिंक रॉड, ब्रेक मारताना खालून एकच धप्प म्हणजे लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर). दोन्ही बदलून अलाइनमेंटसकट ८,६००. चार टायर २१,६००. दोन सर्व्हिसिंग ९,८००.

गंजाच्या कामाला ७,५०० लागले. त्यात स्टेपनीच्या खळग्यातला एक ठिगळ, बाकी सफाई आणि मेणाचं कोटिंग. काळं जाड डांबरी कोटिंग मी मुद्दाम टाळलं. गंजावर ते चढवलं की ओल आत कोंडते आणि पत्रा दिसेनासा होतो. दारांखालची पाणी जायची भोकं सुरूच्या काड्यांनी बुजतात, ती महिन्यातून एकदा तारेने मोकळी करतो. धोपावे–दाभोळ फेरीबोटीने गेलो की घरी येऊन आधी खालून पाणी मारतो, मग चहा. पण एप्रिल-मेमध्ये आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, त्या दिवसांत नळाचंच वापरतो. मचूळ पाण्याने धुणं म्हणजे मीठ घालून मीठ काढणं.

सगळं मिळून ६३,३५० रुपये, म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या आसपास. त्यातले २३,३५० एकट्या खाऱ्या हवेचे. पेट्रोल वेगळं, घाट धरून लिटरला १४ पडतात. विमा वेगळा. २०२२ च्या दरानुसार हजार ते पंधराशे सीसीला थर्ड पार्टी ३,४१६ अधिक जीएसटी, आणि इंजिन १,४९७ सीसीचं असल्याने त्यात बसतं. २०२८ मध्ये पंधरा वर्षं भरतील. पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झालं, त्याची तजवीज आत्तापासून करतो आहे.

आता क्लच. पेडल फार वर सुटतं. परवा कुंभार्ली घाटात चौथ्या गिअरमध्ये जोर दिला तर आरपीएम चढला, वेग तितका चढला नाही. काका म्हणाले, "पाऊस काढेल हा, पण दसरा नाही बघणार." मी थांबणार नाही. मृग लागायच्या आत गाडी चिपळूणला नेतो आहे; क्लचसाठी गिअरबॉक्स उतरणारच आहे तर इंजिनचे माउंटिंगही (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बघून घेऊ.